हिमोग्लोबिनचे मार्क

दारव्ह्याच्या एका छोट्या लॅबमध्ये मी सतरा वर्षं रक्त काढतेय. सुई टोचली की माणसं बोलायला लागतात. रक्त ट्यूबमध्ये जातं, बोलणं माझ्याकडे उरतं!

एक सासूबाई सुनेचा रिपोर्ट न्यायला आल्या. हिमोग्लोबिन नऊ. त्यांचं तोंडच पडलं.

"शेजारच्या सुनेले अकरा अन् आमच्या सुनेले नऊच? कमी काहून देल्ले, मॅडम?"

"काकू, मी देत नाही. रक्तात असतं तेवढंच मशीन दाखवते."

त्यांनी आवाज खाली आणला. "तरी पाहा नं. पोरगी बी.ए. हाय!"

लोह कमी झालं की काहींना माती, खडू असलं खावंसं वाटतं. एक नवरा बायकोला घेऊन आला, वैतागलेला.

"दुकानदार रोज विचारते, पोरं कितवीत हायेत?"

"मग?"

"पोरं कुठं हायेत, मॅडम! लग्नाले वर्ष नाही झालं. पाटीवरच्या पेन्सिली हीच खाऊन राह्यली!"

एका आजींना डॉक्टरांनी बजावलं होतं, लोहाची गोळी चहासोबत नको, अंगी लागत नाही. महिन्यानं तपासलं, तर आकडा जागचा हलला नव्हता.

"आजी, चहासोबत गोळी घेतली ना?"

"नाही वं माय! चहा असला का मी गोळी घेतच नाही."

"मग चहा नसतो कधी?"

"झोपल्यावर!"

त्या गोळ्यांनी शौचाला काळी होते. हे एक काका विसरले. सकाळी सहाला फोन!

"मॅडम, डांबर निघून राह्यलं!"

मी समजावलं, गोळीमुळे होतं, घाबरू नका. पलीकडे मोठा सुस्कारा. मग घरात ओरडले, "अवं, रडनं बंद कर! लोखंड हाय!"

आणि परवाचं हे जोडपं. नवरा आल्या आल्या बाकावर आडवा. "मले लय थकवा येऊन राह्यला." बायको पिशवी धरून उभी. तिचा चेहरा पाहून पापणी खाली ओढली, आतून पांढरीफटक. म्हटलं, तुमचंही रक्त बघू.

रिपोर्ट आले. नवरा साडेचौदा. बायको सहा!

आकडे ऐकून तो उठून बसला. मी तिला विचारलं, "अहो, इतकं कमी रक्त घेऊन काम करता? तुम्हाला थकवा येत नाही?"

बाकावर पहिल्यांदाच टेकत ती म्हणाली, "येते नं, मॅडम. पन ह्यायले पयले आला. दोघंई आडवे झालो, त वावरात कोन जाईन?"