जरा उजळ करून

फोटोला बसलेली माणसं कॅमेऱ्यासमोर गप्प असतात आणि बाकी वेळ नको ते बोलतात. जर्मनीत, कोलोनमधल्या एफुआच्या स्टुडिओत मी तीन वर्षं पार्टटाइम लाइट धरले, तेवढ्यात किस्से साठत गेले. एफुआचे आईवडील घानाचे, ती इथलीच. काळ्याभोर बायकांची पोर्ट्रेट्स काढायची, रंग तसूभरही कमी न करता! मी पुण्याची, पीएचडी करणारी, रंगानं काळी आणि बायोडेटात 'गहूवर्णी'. आई दर रविवारी फोनवर विचारायची, "स्थळांना पाठवायला फोटो काढलास का? जरा उजळ काढायला सांग."

*

पहिल्या प्रिंट्स आल्या, तर सगळ्या बायका दुधाळ चहाच्या रंगाच्या. एफुआ लॅबमध्ये गेली. लॅबवाला खुशीत म्हणाला, "आल्झो... म्हणजे, फोटो फार काळे आले होते. मी दुरुस्त केले. फुकट!"

"मग मलाही करा," एफुआ म्हणाली. "समोरच उभी आहे."

त्यानं सगळ्या प्रिंट्स पुन्हा काढून दिल्या.

*

कॅमेरूनची एक नर्स आली. क्रीम लावून लावून चेहरा गोरा, हात मात्र मूळचेच. एफुआ म्हणाली, "आधी चेहऱ्याची आणि हातांची ओळख होऊ दे, मग फोटो काढू." नर्स हसली आणि क्रीमची ट्यूब तिथंच कचऱ्यात टाकून गेली. माझ्या बाथरूममध्येही अशीच एक ट्यूब होती, हे मी कोणाला सांगितलं नाही.

*

एफुआच्या प्रदर्शनाला ब्योब्लिंगेनहून माझे चुलतभाऊ, इंजिनिअर राजूदादा सहकुटुंब आले. "आम्ही रंगबिंग मानत नाही," वहिनी म्हणाल्या आणि लगेच मुलीला, "खिडकीतल्या उन्हात बसू नकोस, काळी पडशील."

मुलीनं भिंतीवरच्या पोर्ट्रेटकडे बोट दाखवून मोठ्या आशेनं विचारलं, "वी दी दा?" त्या बाईसारखी?

वहिनी कॉफी आणायला गेल्या.

*

शेवटी आई स्वतःच कोलोनला आली आणि मला फोटोसाठी स्टुडिओत घेऊन गेली. एफुआ आईला म्हणाली, "आधी लाइट बघू. तुम्ही बसा." आईनं पर्समधली पावडर काढून तोंडाला लावली. एफुआनं ओला रुमाल पुढे केला. आईनं माझ्याकडे बघितलं, मग तोंड पुसलं.

चार दिवसांनी आईच्या फोटोची प्रिंट आली. आई बराच वेळ बघत बसली.

"लग्नाआधी आमच्या फोटोग्राफरनं मला जरा उजळ करून दिलं होतं," ती म्हणाली. "बघायला आले, मी पोहे घेऊन बाहेर गेले, तर ह्यांच्या आत्याबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'फोटोतली मुलगी कुठंय?'"

हे तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं. मला रडू आलं. "मग माझ्या फोटोचं काय?" मी विचारलं.

"आहेस तसा काढ. आणि माझा हा आत्याबाईंना पाठव."

"काय लिहू?"

"लिही, सापडली."