वीतभर दुमडलेलं पांघरूण

हॉटेलात तिला सगळे मोजपट्टी म्हणत, बहुतेक पाठीमागे आणि कधीकधी तोंडावरही. तेरा वर्षं तिने खोल्या आवरल्या आणि पुढची नऊ वर्षं इतरांनी आवरलेल्या खोल्या तपासल्या. पांघरूण उशीपाशी बरोबर एक वीत दुमडलेलं हवं, आणि ती वीत तिचीच. लांब बोटांच्या मुलींनी आपल्या वितीने दुमडलं, तर ती पुन्हा करायला लावी. शिवाय खोलीत आधीच्या माणसाची खूण म्हणून राहता कामा नये. केस नाही, वास नाही, उशीवर डोक्याचा खळगा नाही. पुढच्या पाहुण्याला वाटलं पाहिजे की खोली आजच बांधून झाली.

हॉटेल छोटंच, अठरा खोल्यांचं, पण देखणं होतं. खालच्या दालनात एक भिंत गडद हिरवी, तिच्यापुढे वेताच्या खुर्च्या, आणि पितळी दिवे इतके खाली सोडलेले की उजेड डोळ्यांवर न येता टेबलावर पडायचा. तिचा खरा जीव मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीवर. तिथे खिडकीला लागून लाकडी कट्टा होता, वर जाड गादी, पाय वर घेऊन बसायला. असाच कट्टा घरी सासूबाईंच्या खोलीत करायचा, हे तिने आठ वर्षांपूर्वी ठरवलं होतं. मापं लिहिलेला कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. एकदा नवरा म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. मग दरवर्षी पुढचं वर्ष येत राहिलं.

अशात तिला मिरवायची हुक्की आली. धाकट्या जावेला तिने हॉटेलात चहाला बोलावलं आणि चहानंतर स्वतःच्या हाताने एकेक दार उघडून दाखवलं. धाकटीने फोन काढला. दिवे, खुर्च्या, पडद्याचा दांडा, कट्टा, अगदी न्हाणीघरातला नळसुद्धा तिने टिपला. कट्ट्याची मापं मोजपट्टीने तोंडपाठ सांगितली आणि फोटोत उजेड नीट यावा म्हणून हौसेने पडदेही सरकवून दिले. ते पडदे आठवले की अजूनही तिला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

चार महिन्यांत धाकटीच्या घरी हिरवी भिंत आली, वेताच्या खुर्च्या आल्या, दिवे खाली उतरले. नातेवाईक जाऊन येत आणि थोरलीला मुद्दाम फोन करून सांगत, काय दृष्टी आहे हो तुमच्या जावेला. दृष्टी कसली, फोन होता. पण असं बोलून चालत नाही, म्हणून ती नुसतं हो हो म्हणे आणि दिवसभर फणफणत राही.

तरी भिंतीचं तिने गिळलं असतं. सासूबाई नवं घर बघायला म्हणून आठ दिवसांसाठी गेल्या आणि महिना झाला तरी परतल्या नाहीत, ते मात्र तिच्या घशाखाली उतरेना. एकोणीस वर्षं सासूबाई तिच्याकडे होत्या. पथ्यपाणी तिने केलं, दवाखाने तिने केले, आणि ही बया एका हिरव्या भिंतीच्या जोरावर त्यांना घेऊन गेली? नवरा म्हणाला, राहू दे की, आईलाही जरा बदल. त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. रविवारी दुपारी ती सासूबाईंना आणायला एकटीच निघाली.

धाकटीने हसत दार उघडलं. मोजपट्टीने आत शिरता शिरता दिव्यावरून बोट फिरवलं. धूळ होती. भिंतीचा रंगही मूळ रंगापेक्षा जरा फिकाच. तिला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं सासूबाईंच्या खोलीच्या दारापर्यंत टिकलं.

खिडकीखाली कट्टा होता. तिने वीत टाकून बघितली. लांबी तीच, रुंदी तीच, कपाटाच्या दारावर आठ वर्षं चिकटलेली. कट्ट्यावर लोकरीचा गुंडा सुटून पडला होता, चष्मा उलटा ठेवलेला, अर्धं बिस्किट, वर्तमानपत्राची पानं चार दिशांना. पलंगावर पांघरुणाचं बोचकं आणि उशीवर चांगला खोल खळगा. तिचे हात आपोआप चालू लागले. पेपरची घडी झाली, चष्मा डबीत गेला, चादर ताणून खोचली गेली, उशीला दोन थापा बसल्या. पांघरूण वीतभर दुमडून ती वळली, तर दारात सासूबाई उभ्या.

"इथेही आवरलंस," त्या म्हणाल्या.

"पसारा होता, आई. चला, तुमची पिशवी भरते. महिना झाला."

सासूबाई कट्ट्यावर बसल्या. डबीतून चष्मा काढून त्यांनी पुन्हा उलटा ठेवला.

"तू माझं काही कमी केलं नाहीस, हे मी कुणालाही सांगेन," त्या म्हणाल्या. "पण तुझ्याकडे सकाळी उठून पाणी प्यायला जायचे, आणि परत यायचे तर पलंग असा, की मी तिथे झोपलेच नव्हते. रोज. मला वाटायचं, आता दुसरं कुणीतरी यायचंय, आपण खोली सोडायला हवी."

तेवढ्यात धाकटी चहा घेऊन आली, ट्रे ठेवायला जागा म्हणून तिने पांघरूण ढकललं आणि उशीला टेकून ऐसपैस बसली. "ताई, हे सगळं तुमच्यामुळे हं," ती म्हणाली. "तुम्ही दाखवलं नसतं तर मला कुठलं सुचायला?" ती मनापासूनच म्हणाली होती, आणि म्हणूनच थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. चहा चांगला झाला होता, त्याचाही तिला राग आला.

पिशवी न भरताच ती घरी आली. सासूबाईंच्या खोलीत पलंग महिन्याभरापूर्वी लावला तसाच होता, एक सुरकुती नाही. तिने चादर उपसून काढली, पांघरूण विस्कटलं आणि चपलांसकट आडवी झाली. उशीत तोंड खुपसून सासूबाईंच्या तेलाचा वास शोधला. नव्हता. खोळ तिनेच बदलली होती, त्या गेल्या त्याच दिवशी.

संध्याकाळी नवरा दारात डोकावला. विस्कटलेला पलंग बघून तो चक्रावला.

"कोणी पाहुणं राहून गेलं का?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं."

त्याला काही कळलं नाही. पांघरूण उचलायला तो वाकला, तेव्हा तिने त्याचा हात धरला आणि म्हणाली, राहू दे तसंच.