बीबीएच्या वर्गातली मॅडमजी

मी वर्गात पाऊल टाकलं आणि सगळा वर्ग उभा राहिला. "गुड मॉर्निंग, मॅम." मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. तिसऱ्या बाकावर जागा दिसली, तिथे जाऊन बसले, पिशवीतून वही काढली. मुलं उभीच. शेवटी मीच म्हटलं, "बैठो भई, मैं भी पढ़ने आई हूँ." मुलं बसली, पण तोंडं उघडी ठेवून बसली.

बारावीनंतर माझं लग्न झालं आणि शिक्षण थांबलं. पुढे नवऱ्याच्या बदल्या. विमा कंपनीतला अधिकारी, म्हणजे एका गावात जरा बूड टेकलं की सामान बांधायचं. जयपूरला आलो तोवर मुलगी पुण्यात नोकरीला लागली होती आणि जवाहर नगरातल्या भाड्याच्या घरात सकाळी दहानंतर मला काही काम उरत नव्हतं. जवळच्या एका खाजगी कॉलेजात बीबीएला वयाची अट नव्हती. फॉर्म भरला. एवढंच. त्यात जिद्द वगैरे कुणी शोधू नये.

बाकावर शेजारी एक मुलगी होती. घट्ट वेणी, पायांत स्पोर्ट्स शूज. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. आमचं बोलणं नेहमी हिंदीतच चालायचं, इथे मी ते आठवतं तसं मराठीत लिहिते आहे.

"आंटी, खरंच स्टुडंट आहात?"

"फी भरली आहे."

"कशासाठी?"

"डिग्री पाहिजे म्हणून. तुला कशासाठी?"

"मला कारखाना पाहिजे," ती म्हणाली. चहा पाहिजे म्हणावं इतक्या सहज. मी हसले. ती हसली नाही.

कारखाना तिच्या घरचाच होता. सीकर रोडवरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात पुठ्ठ्याची खोकी बनवायचा. तो चालवायचे तिचे वडील, पण मालकी आणि शेवटचा शब्द वडिलांच्या थोरल्या भावाचा, म्हणजे तिच्या ताऊजींचा. ताऊजींना एक मुलगा. कारखाना पुढे त्याच्याकडे जाणार हे घरात न बोलता ठरलेलं. हा चुलतभाऊ कारखान्यात जायचा तो ऑफिसातल्या एसीसाठी, असं ती म्हणायची. आणि घरच्या बायका? त्या दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला वर्षातून एकदा यायच्या, मशीनला कुंकू लावायच्या आणि घरी जायच्या.

"मग तुला बीबीए कसं करू दिलं?"

"लग्नाच्या बायोडेटासाठी. आंटी, या वर्गातल्या निम्म्या मुली बायोडेटासाठीच आल्या आहेत. मुलं पण."

मला ते खरं वाटलं नाही. दोन महिन्यांत पटलं. या मुलांना धंदा शिकायचा नव्हता, तो त्यांना घरूनच येत होता. मार्केटिंगचे सर ग्राहकाच्या गरजा या विषयावरच्या स्लाइड वाचून दाखवायचे. एकदा मागून साड्यांच्या दुकानदाराचा मुलगा म्हणाला, "सर, गाहक को खुद पता नहीं होता उसे क्या चाहिए. पहले चाय पिलाओ." सरांनी पुढची स्लाइड लावली. मी मात्र ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

"तू वडिलांना सरळ विचार ना," मी तिला एकदा म्हटलं.

"पापा काय बोलणार? ताऊजी समोर असले तर पापा खुर्चीवर बसत नाहीत. उभे राहतात."

"पन्नाशीचा माणूस?"

"पन्नाशीचा असो नाहीतर सत्तरीचा. धाकटे आहेत ना."

मी घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "बरं आहे की, मी ऑफिसात साहेबांसमोर असाच असतो." त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट आलं. दोघा-दोघांनी मिळून एखादा चालू उद्योग बघायचा आणि त्यात काय सुधारता येईल ते लिहायचं. ती माझ्याकडेच आली. मला ते स्वाभाविक वाटलं, तीन वर्षं आम्ही एकाच बाकावर होतो. कारखानाही तिचाच ठरला. प्रोजेक्टच्या नावाखाली तिला महिनाभर तिथे जायची परवानगी मिळाली. घरात हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि तिने त्यातला एक दिवस वाया घालवला नाही.

तिने शोधलं ते साधं होतं. कारखान्यात मोठ्या ऑर्डरी यायच्या नमकीनवाल्यांच्या आणि नळाच्या तोट्या बनवणाऱ्यांच्या. लहान ऑर्डरी यायच्या लाखेच्या बांगड्यांच्या आणि निळ्या मातीच्या भांड्यांच्या व्यापाऱ्यांच्या. सगळं एकाच मशीनवर, जसं येईल तसं. प्रत्येक वेळी माप बदला, छपाईचा साचा बदला. लहान गिऱ्हाईक थांबून थांबून कंटाळायचं आणि दुसरीकडे जायचं. तिचं म्हणणं, आठवड्यातले ठरावीक दिवस फक्त लहान खोक्यांचे ठेवा, आणि ते काम माझ्याकडे द्या. ताऊजींकडून तिला एवढंच हवं होतं. आख्खा कारखाना नाही, सुरुवातीला फक्त लहान खोकी.

लिहिण्याचं काम बरंचसं मी केलं, डोकं तिचं. शेवटी ते ताऊजींना कारखान्यात जाऊन दाखवायचं ठरलं. आदल्या दिवशी तिचा फोन आला. "आंटी, उद्या ती करड्या रंगाची कॉटनची साडी नेसाल? आणि चष्मा डोळ्यांवरच असू द्या, डोक्यावर नको." मला वाटलं, कार्यक्रम रीतसर व्हावा अशी तिची इच्छा असेल. नेसले.

ऑफिस मशीनच्या वर, लोखंडी जिन्याने चढून. खळीचा आंबूस वास तिथवर येत होता. ताऊजी पांढऱ्या गादीवर लोडाला टेकून बसले होते. तिचे वडील दाराशी उभे होते, खरोखरच उभे. मला खुर्ची दिली. पाणी आलं, चहा आला, कांद्याची कचोरी आली. "विराजिए," ताऊजी म्हणाले.

तिने लॅपटॉप उघडला आणि सांगायला लागली. छान सांगितलं. कुठे अडखळली नाही, आवाज चढवला नाही. ताऊजी सगळा वेळ माझ्याकडे बघत होते. शंका आली की मला विचारायचे. "लहान गिऱ्हाइकाने उधारी मागितली तर?" मला. उत्तर ती द्यायची, आणि ते पुन्हा माझ्याकडे बघायचे, मी मान डोलावते का ते पाहायला. मी डोलावत होते. उत्तरं बरोबर होती. वयाने मोठी म्हणून मला विचारतात, असं मी धरून चालले होते.

सांगून झालं. ताऊजींनी चहाचा कप खाली ठेवला.

"प्रोफेसर साहिबा," ते म्हणाले, "मुलीच्या बोलण्यावर आम्ही मशीन देत नाही. पण तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्ही स्वतः इथवर आलात. तुम्ही म्हणत असाल तर दिवाळीपर्यंत हिला लहान कामावर बसवून बघतो. बोला. तुमचा शब्द."

माझ्या हातात कचोरीचा तुकडा होता. तो तसाच राहिला. मी तिच्याकडे पाहिलं. ती चार्जरची वायर बोटाला गुंडाळत होती आणि मान वर करत नव्हती. साडी, चष्मा, तीन वर्षांचा बाक, सगळं एकदम माझ्या डोक्यात आलं आणि कान तापले. वीस-एकवीस वर्षांची मुलगी. मला केव्हापासून जोखून ठेवलं होतं हिने?

एक शब्द पुरला असता. 'बसवा' म्हटलं असतं की तिचं काम झालं होतं.

"मी प्रोफेसर नाही," मी म्हटलं. "मी हिच्या वर्गात शिकते."

विचार करून बोलले असं म्हणणार नाही. माझ्या शब्दावर कुणी काही द्यायला निघालं असेल तर तो शब्द कुणाचा आहे हे त्याला कळायला हवं. मला दुसरं काही सुचलं नाही, आजही सुचलं नसतं.

ताऊजींनी मला नीट न्याहाळलं.

"शिकता? या वयात?"

"हो."

"पतिदेव आहेत ना?"

"आहेत. विमा कंपनीत."

"अच्छा." त्यांनी मान हलवली. मग अगदी गोड आवाजात म्हणाले, "म्हणजे हा होमवर्क आहे. चांगला केलाय, बच्चों का काम है. मॅडमजींना कचोरी बांधून द्या."

कुणी ओरडलं नाही. मी ओरडण्याची वाट पाहत होते. ओरडले असते तर मी काही बोलले असते. ती लॅपटॉप बंद करून जिना उतरून गेली. कचोरीचा पुडा घेऊन मी मागून निघाले. फाटकाशी तिचे वडील मला पोचवायला आले. ती रिक्षा थांबवायला पुढे रस्त्यावर गेली होती.

"माफ करा," मी म्हटलं. "तुमचा गैरसमज होऊ नये म्हणून..."

"माझा नव्हता," ते म्हणाले. "मला पहिल्या वर्षीच माहीत होतं. मुलगी कुणाशेजारी बसते ते बाप विचारून ठेवतो."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी वर ऑफिसच्या खिडकीकडे पाहिलं. "भाईसाहब मुलीचं ऐकणार नाहीत, माझं ऐकणार नाहीत. मास्टरणीचं ऐकलं असतं. ऐकतच होते." त्यात राग नव्हता. आजचा माल उद्या जाईल, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं, हात जोडले आणि आत गेले.

रिक्षात मी तिला झापलं. "मला आधी विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर आला असतात?"

"नाही."

"मग?"

थोडं पुढे गेल्यावर मी म्हटलं, "आणि तुझ्या वडिलांना सगळं ठाऊक होतं. पहिल्या वर्षापासून. त्यांनाही आज ते व्हायलाच हवं होतं."

तिचा चेहरा पांढरा पडला. ताऊजींसमोर सगळं हातचं गेलं तेव्हाही तो बदलला नव्हता. "पापांना?" ती म्हणाली. "पापांना माहीत होतं?" पुन्हा तेच. तीन वर्षं तिने वडिलांना समोरच्या बाजूला धरून सगळा हिशोब मांडला होता, आणि तो माणूस दाराशी उभा राहून तिच्याच बाजूने गप्प होता. ती रडायला लागली. मी पाण्याची बाटली दिली. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं, मी त्याला समोर बघायला सांगितलं.

परीक्षेच्या दिवसांत आम्ही पेपरापुरतं बोललो. भांडण नव्हतं, तिच्या मनात दुसरं काही चालू होतं. मी पास झाले, फर्स्ट क्लास. आणि निकाल लागतो न लागतो तोच नवऱ्याची बदली आली, भोपाळला. सामान बांधायला खोकी लागणार, म्हणून मी तिला फोन केला.

"या ना आंटी, सकाळी साडेआठला या," ती म्हणाली. "पण आमच्या फाटकात नका जाऊ. समोरच्या."

"समोर काय आहे?"

"समोर पण खोकीच बनतात. मी तिथे नोकरीला लागले."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. पण ठरल्या वेळी तिथे गेले आणि डोळ्यांनी पाहिलं. एक पांढरी गाडी आली ती तिच्या वडिलांची. त्यांनी ती स्वतःच्या कारखान्यासमोर थांबवली नाही, रस्ता ओलांडून समोरच्याच्या फाटकाशी लावली. ती उतरली, मागच्या सीटवरून डबा घेतला, मला म्हणाली, "आंटी, पाच मिनिटं, खोकी काढून ठेवली आहेत," आणि आत गेली. स्वतःच्या मुलीला रोज सकाळी प्रतिस्पर्ध्याच्या दारात सोडणारा बाप मी कधी पाहिला नव्हता. मी तिथेच उभी राहिले.

"नमस्ते मॅडमजी," ते काच खाली करून म्हणाले. आता सगळं उघड झालं होतं तरी मॅडमजीच.

"हे घरात चालतं?" मी विचारलं.

"नाही चालत. भाईसाहब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत."

"आणि तुम्ही?"

"मी तसाही बोलत नव्हतो."

ते आपल्या फाटकाकडे बघत होते. मग म्हणाले, "आमचे बांगड्यांचे दोन व्यापारी हिच्याकडे आले. लहान खोकी वेळेवर मिळतात म्हणून. काल भाईसाहबांनी विचारलं, लडकीने तो कागद बनवला होता, तो कुठे आहे."

"मग? दिलात?"

"मी म्हटलं, माझ्याकडे नाही. समोर जाऊन विचारा."

"असं म्हणालात तुम्ही त्यांना?"

"हो." स्वतःच्याच बोलण्याने त्यांना घाम फुटल्यासारखा दिसत होता. त्यांनी रुमालाने मान पुसली. "बसून म्हणालो," ते म्हणाले, आणि गाडी वळवून रस्त्यापलीकडच्या आपल्या फाटकातून आत गेले.