अत्यंत आदरपूर्वक

मुलीच्या शाळेत ब्रिटिश पार्लमेंटच्या धर्तीवर वादसभा होती आणि तिला विरोधी पक्षातून बोलायचं होतं. म्हणून एका शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, जेवणाची ताटंसुद्धा उचलली नव्हती तेव्हा, इथे आखातात, आमच्या रुमैथियाच्या फ्लॅटमध्ये तिने सभागृह मांडलं. बापाला टेबलाच्या टोकाला बसवून अध्यक्ष केलं आणि मला सत्ताधारी. घरात सत्ता कुणाची आहे ते बघता हे बरोबरच झालं, असं नवरा म्हणाला.

नियम ऐकून माझं डोकं गरगरायला लागलं. एकमेकांशी बोलायचंच नाही, जे काही बोलायचं ते अध्यक्षांना. 'तुम्ही' म्हणजे फक्त अध्यक्ष. समोरच्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्या मतदारसंघाचं घ्यायचं. मी शहरातल्या शर्क भागातल्या इस्पितळात नर्स, म्हणून मी झाले 'शर्कच्या माननीय सदस्या'. आपल्या पक्षातला असेल तर 'माझे माननीय मित्र', विरोधातला नुसताच 'माननीय'. कुणाला खोटारडा म्हणायचं नाही. म्हटलं तर शब्द मागे घ्यायचा, नाहीतर बाहेर व्हायचं. मी विचारलं, समोरचा खरोखरच खोटं बोलत असला तर? तर म्हणे, त्यांच्याकडून अनवधानाने सभागृहाची दिशाभूल झाली असावी, असं म्हणायचं. वॉर्डात दिवसभर मला 'सिस्टर' म्हणून हाका येतात. कोण विनवतंय आणि कोण डाफरतंय ते मला पाठमोरी असतानाही कळतं. हे मात्र काही केल्या कळेना. ज्याला पाडायचं त्यालाच एवढा मान कशासाठी?

सरावाला विषय नवऱ्याने दिला, थट्टेत: मुलीला अकरावीला लातूरला पाठवावं. थट्टा कसली, दोन महिने घरात दुसरा विषयच नव्हता. लातूर माझं माहेर. तिथे क्लास करून डॉक्टर झालेली पोरं मी पाहिलेली, आणि राहायला माझ्या दादाचं घर. मुलगी यावर हो म्हणत नव्हती की नाही म्हणत नव्हती. विचारलं की इंग्रजीत काहीतरी पुटपुटून खोलीत जायची.

मी तावातावाने बोलले. दोनदा 'तू' म्हणाले म्हणून अध्यक्षांनी मला दोनदा टोकलं. मग ती उठली आणि चक्क मराठीत बोलली. मोठे शब्द बापाकडून आधीच विचारून घेतलेले होते. माझ्याकडे एकदाही न बघता ती म्हणाली, "अध्यक्ष महाराज, शर्कच्या माननीय सदस्यांच्या कळकळीबद्दल या सभागृहात कुणालाही शंका नाही. त्यांचं म्हणणं मी अत्यंत आदरपूर्वक ऐकलं आहे."

माझे डोळे भरून आले आणि सराव तिथेच थांबला. आमच्याकडे लेकरू आईशी इतक्या आदबीने बोललं म्हणजे त्याला पटलं. न पटलेलं पोर दार आपटतं. मी त्याच संध्याकाळी दादाला फोन करून सांगितलं, पोरगी तयार झाली. दादाने दुसऱ्याच दिवशी क्लासला तिचं नाव घातलं. मुलीला हे मी सांगितलं नाही. वादसभा होऊ दे, मग सांगू, म्हटलं.

वादसभेला आम्ही दोघं शाळेत मागच्या रांगेत बसलो. शेजारी तिच्या इतिहासाच्या बाई होत्या, इंग्लंडच्या. एक मुलगा उठला, विरोधी मुलीचं तोंडभर कौतुक केलं, 'अत्यंत आदरपूर्वक' म्हणाला आणि तिचा मुद्दा असा काही सोलून ठेवला की ती बिचारी पाणी प्यायली. मग आणखी दोघांनी तेच केलं. मी बाईंना हळूच विचारलं, हा आदर आहे की काय आहे? बाई हसल्या. म्हणाल्या, नुसतं 'आदरपूर्वक' असेल तर थोडं पटलेलं नाही, आणि 'अत्यंत आदरपूर्वक' असेल तर अजिबात नाही.

त्यानंतर मुलगी काय बोलली ते मला ऐकूच आलं नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा मीही वाजवल्या. रागवावं तर कुणावर, तेही समजेना. तिने तर मान देऊनच सांगितलं होतं. होकार मी माझ्याच मनाने धरला होता.

गाडीत मी तिला सगळं सांगितलं, दादाला केलेला फोन, क्लासला घातलेलं नाव. तिने आरशातून बापाकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्यांच्याकडे नको बघू. माझ्याशी बोल."

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मला नाही जायचं, आई. इथेच राहायचंय, तुमच्याजवळ. पण तुला 'नाही' म्हटलं की तू रडतेस. अध्यक्षांकडे बघून बोललं की सोपं जातं."

मी रडले नाही. पंधरा वर्षांचं लेकरू माझ्या डोळ्यांतलं पाणी चुकवण्यासाठी परक्या देशाच्या पार्लमेंटची रीत शिकलं, याचं कौतुक वाटून घ्यावं की लाज, ते मला घर येईपर्यंत ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाला फोन लावला. मुलगी समोर बसून चहात बिस्किट बुडवत होती. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. त्याने मला शिकवलं, नर्सिंगला घातलं, विमानात बसवून दिलं, आणि आजवर मी त्याचा एक शब्द मोडलेला नाही. मी सुरुवात केली. तुझे उपकार कसे फेडू, वहिनीला केवढा त्रास, तू आहेस म्हणून आम्ही इथे निर्धास्त आहोत, तुझ्या शब्दाबाहेर मी कधी गेले का. बोलतच राहिले.

मी दम घ्यायला थांबले तसा तो समाधानाने म्हणाला, "बरं बरं. मग कधी यायलंय लेकरू?"

मुलगी बिस्किट हातात धरून माझ्याकडे बघत होती.

"दादा," मी म्हटलं, "ती येणार नाही. तिला नाही यायचं, आणि मी तिला पाठवणार नाही."

 मी फोन कानाशीच धरला, आणि या वेळी उपकारांचं काही पुढे जोडलं नाही.