बसवूनच न्यायचं

डांबरी रस्ता आमच्या दारात संपतो. पुढे डोंगरावरच्या वस्तीकडे नुसती पायवाट. ॲम्ब्युलन्स इथवरच येते, त्यामुळे वरून उतरवलेला आजारी माणूस आधी आमच्या ओट्यावर टेकतो. सुतारकाकांची ओळख तिथलीच.

पूर्वी आजाऱ्याला बाजेवर घालून चौघं खांद्यावर घ्यायचे. पण आजारीच हात जोडायचे. "मेल्यावर न्या असं, आत्ता नको," म्हणत कितीतरी जण घरीच पडून राहिले, आणि घरीच गेले.

काकांनी त्यावर उपाय म्हणून खुर्ची बनवली. हातांची, भक्कम, दोन्ही बाजूंना लांब दांडे, छातीला पट्टा, पायांखाली फळी. पहिल्यांदा तिच्यात बसून एक दमेकरी आजी आल्या. धाप जरा बसल्यावर मला म्हणाल्या, "वर बसल्यावर कळलं गं बाई, आमच्यात किती जणांना टक्कल पडलंय."

"पुढच्या खेपेला टोप्या घालतो आजी," पुढचा गडी म्हणाला, "तुम्ही तेवढं दोन घास कमी खा."

मग माणसं उतरू लागली. काकांना वस्तीत मान मिळाला. तो त्यांना आवडायचाही, का आवडू नये?

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने मात्र याच ओट्यावर त्यांना सांगितलं होतं, "काका, खुर्ची चांगलीच आहे. पण बाईचं रक्त जात असेल तर बसवू नका. आडवी, पाय उंच. झोपवून आणायचं काहीतरी बनवा."

"बनवतो की. त्यात झोपणारं माणूस तेवढं तुम्ही शोधा," काका हसून म्हणाले. विषय तिथेच राहिला.

त्यांची धाकटी लेक बाळंतपणाला आली होती. दिवस भरायच्या आधीच घरी मोकळी झाली. मुलगी झाली, खणखणीत रडली. पण लेकीचं रक्त थांबेना.

काकांना सिस्टरचं बोलणं आठवलं. त्यांनी बाज ओढलीसुद्धा. तर त्यांची थोरली बहीण दारात आडवी आली. "ओल्या बाळंतिणीला अशी आडवी काढतोस घरातून? सगळ्या वस्तीला बसवून नेलंस, आणि पोटच्या पोरीलाच खुर्ची नाही?"

लेकही म्हणाली, "बाबा, बसवूनच न्या. मला बसता येतंय."

काकांनी स्वतः पट्टा बांधला. उतारावर ती आधी बाळाचं विचारत होती, मग पाणी मागत होती, मग गप्प झाली. मागच्या दांड्याला काका होते. तिची मान कलली तेव्हा त्यांना वाटलं, दमली पोर, डोळा लागला.

ओट्यावर ॲम्ब्युलन्सबरोबर आलेल्या सिस्टरने पट्टा सोडला, तिला फरशीवर आडवं केलं आणि पाय माझ्या मांडीवर दिले. गार होते. ॲम्ब्युलन्स निघाली, पण दवाखाना येण्याआधीच सगळं संपलं. झोपवून आणली असती तरी वाचलीच असती असं सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. काकांना त्यातलं 'झोपवून आणली असती' एवढंच ऐकू आलं.

महिनाभरात त्यांनी कठड्यांची लांब डोली बनवली, पायाकडे चढ असलेली. कुणी तिला हात लावेना. बहिणीने अंगणातही ठेवू दिली नाही. शेवटी काका स्वतःच तिच्यात झोपले.

"उचला."

गडी मागे सरले.

"जिवंत आहे ना मी? मग उचला."

सगळ्या दारांवरून त्यांनी स्वतःला फिरवून घेतलं. बायकांनी दारं लोटली. काका डोळे सताड उघडे ठेवून एकेकाला हाका मारत होते, पाणी भरलं का, म्हैस व्याली का, विचारत होते. आपण मेलेल्या माणसासारखे दिसू नये म्हणून. तसेच इथवर आले, उतरले आणि म्हणाले, "वहिनी, झोपून यायला काही होत नाही हो." मग ओट्यावर बसून ढसाढसा रडले.

परवा वरून एक सून आली, आडवी. भीतीने डोळे गच्च मिटलेले. काका दांडा दुसऱ्याकडे देऊन तिच्या डोक्याशी चालत होते. "झोपू नकोस पोरी, बोल. काहीही बोल. शिव्या दे मला."

ती देत होती.