रिकामी चक्की

कुठेही धडाम झालं की आमच्या महाल वस्तीतले चक्कीवाले काका दोन्ही तळवे जमिनीकडे दाबत ओरडायचे, "बसा गा, बसून घ्या आधी!" आणि दळणाच्या रांगेतले आम्ही सगळे डब्यांसकट खाली. तुम्हीही बसला असता. त्या आवाजानं रस्त्यावरचा वळू बसलेला मी पाहिलाय, आणि काकांनी 'उठा' म्हणेपर्यंत तो उठला नाही.

काका तरुणपणी फौजेत होते. कारगिलच्या पहाडावर दोन महिने तोफगोळे ऐकून आले, आणि इथे येऊन आटाचक्की टाकली. लोकांना वाटलं, पोटासाठी.

दिवाळीत फटाके सुरू झाले की काका शटर अर्धं पाडून चक्की रिकामीच चालवायचे. रिकामी चक्की म्हणजे दगडावर दगड. त्याची कच पुढच्या दळणात उतरायची. त्या पोळ्या खाऊन गल्लीतल्या निम्म्या दाढा पडल्या. उरलेल्या निम्म्या माझ्या सासऱ्यांच्या, त्या मुळातच नकली.

"काका, काहून रिकामी चालवून राहिले?"

"बंद केली की बाहेरचं ऐकू येते ना गा."

गिऱ्हाईक तुटत गेलं. मुलीनं डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी झोप यायची, आणि झोपेत पहाड यायचा.

त्या एकुलत्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा काकांनी व्याह्यांपुढे हात जोडले. "मानपान काय पाहिजे ते सांगा. फक्त फटाके नका आणू साहेब. पोरीचं कन्यादान माह्या हातानं होऊ द्या."

व्याही भला माणूस, हो म्हणाला. पण नवरदेवाच्या दोस्तांना कोण आवरणार? वरात हॉलच्या दारात आली, काका हार घेऊन पुढे झाले आणि लड पेटली.

काकांनी हार फेकला, व्याह्यांना आडवं पाडलं आणि त्यांच्या अंगावर पालथे पडून राहिले. "हलू नका साहेब! डोकं खाली!" व्याह्यांचा फेटा नालीत. अख्खी वरात हसली. सगळ्यात मोठ्यानं मी. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

लड संपल्यावर व्याह्यांनीच त्यांना उठवलं. काकांनी व्याह्यांचा कोट झटकून दिला आणि कुणाकडेही न बघता चक्कीची वाट धरली. नटलेली मुलगी दारातून हाका मारत राहिली. कन्यादान काकांच्या धाकट्या भावानं केलं.

दुपारी सासरी निघताना मुलीनं गाडी चक्कीसमोर थांबवली. आत चक्की रिकामीच धडधडत होती. बटण काकांच्या हाताशी. मुलगी पाया पडली, उठून काहीतरी बोलली. मी तिच्या अगदी मागे होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"बाबा, आज तरी बंद करा ना. एकच मिनिट."

काकांनी तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत मान डोलावली. तिच्या डोक्यावर पिठाचा हात ठेवला.

"हो, हो. सुखी राहा वं माय. सुखी राहा."