कौसल्याकाकूंची राखण

आमच्या केशर बिल्डिंगमध्ये कौसल्या परब यांना पाठीमागे सगळे 'आपत्तीबाई' म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती, कारण काकू चिडल्या की मालवणीत उद्धार करायच्या आणि तो पार तळमजल्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत ऐकू जायचा. करी रोडच्या त्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली आमच्या खोलीला लागून होती. मी लग्न होऊन आले तेव्हा गॅलरीत माझ्या हातातली जड बॅग न विचारता घेणाऱ्या त्याच. "अनुजा, त्या कठड्याला टेकू नको हां, तो फक्त दिसायला आहे," हे त्यांचं मला पहिलं वाक्य.

काकू बालवाडीत मदतनीस होत्या. त्यांचे यजमान धोंडूकाका तरुणपणी कापडगिरणीत बदली कामगार होते, गिरणी बंद पडल्यावर जन्मभर कुठल्या ना कुठल्या टॉवरखाली वॉचमन. गिरणी गेली, हातात राहिली ती वडिलांच्या नावाची खोली. काका फार बोलायचे नाहीत. खुर्ची टाकून गॅलरीत बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मान हलवायचे.

काकूंना हे आपत्तीचं वेड लागलं ते दुर्गामुळे. दुर्गा त्यांची गाववाली, मागच्या गल्लीत राहायची. तिची बिल्डिंग धोकादायक ठरली आणि सगळ्यांना खाली करायला सांगितलं. लोकांनी काय केलं, तर बायकापोरं नातेवाइकांकडे धाडली आणि घरटी एक माणूस खोलीत ठेवला. हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. खोली रिकामी सोडली की गेली, एवढं इथलं शेंबडं पोरही जाणतं. बाजूची बिल्डिंग पाडली तेव्हा जे संक्रमण शिबिरात गेले ते तिकडेच म्हातारे झाले, त्यांच्या जागेवर काचेचा टॉवर उभा राहिला, हे आम्ही रोज खिडकीतून बघत होतो. दुर्गाच्या घरून दुर्गा राहिली होती, शिलाई मशीन घेऊन. एका दुपारी छत खाली आलं. काकू डबा घेऊन निघाल्या होत्या, गल्लीच्या तोंडाशी पोचल्या तेव्हा नुसती धूळ होती.

त्यानंतर काकूंनी वॉर्डात चालणारं आपत्तीचं प्रशिक्षण घेतलं. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की पाणी कुठे कुठे तुंबतं, शॉक कसा लागतो, जखमीला कसं उचलायचं, सगळं शिकून आल्या. प्रत्येक दाराशी एक पिशवी तयार ठेवायला लावली, कागदपत्रं, औषधं, टॉर्च. लोकांनी त्या पिशव्यांत कांदे भरले. जिन्याच्या वळणावर भिंतीला मोठी भेग होती, तिच्यावर काकूंनी काचेची पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटने चिकटवली. भिंत हलली की काच तडकणार आणि काच तडकली की सगळ्यांनी खाली उतरायचं, असा हिशेब. रोज सकाळी दुधाची पिशवी आत घ्यायच्या आधी त्या काचेवरून बोट फिरवायच्या.

आम्हालाही शेवटी नोटीस आली. कुणी हललं नाही. मग काकूंनी हट्ट धरला की निदान खाली उतरायची तालीम तरी करा. तालमीच्या दिवशी त्यांनी शिट्टी मारली आणि घरटी एक माणूस वरच राहिला. गंगुबाई, माझ्या समोरची म्हातारी, दारातच पाट टाकून बसली. "मी काय उतरणार नाय. माझा मुडदाच उतरवा," म्हणाली. आमचे सेक्रेटरी चिंतामणी सावंत, एरवी दोन वाक्यांत तीन इंग्रजी शब्द घालणारे, तेही वर. "कौसल्याताई, प्रॅक्टिकल विचार करा. आपण सगळे खाली आणि मालकाने जिन्याला टाळं मारलं तर?"

"अरे, जीवच गेला तर खोलीत काय तुझा फोटो राहणार?" काकू ओरडल्या. पण त्यांचा आवाज रडवेला झाला होता. पुढच्या दोन तालमींतही तेच झालं.

तोड काढली ती काकूंनीच. गणपतीच्या तयारीची मीटिंग चालली होती, मंडपात राखणीच्या पाळ्या ठरत होत्या. आमच्याकडे मूर्ती बसली की तिला एकटं सोडत नाहीत, कुणीतरी जागं बसतं. काकू मध्येच उठल्या. "देवाची राखण एकजण करतो ना? सगळी बिल्डिंग बसते काय तिथे? मग खोल्यांचंही तसंच करू. घरटी एक कशाला? आख्ख्या बिल्डिंगला एकच माणूस वर बसेल. सगळ्यांनी कुलूप लावून चाव्या त्याच्याकडे द्यायच्या. पालिकेचे साहेब आले, कोण कुठे राहतं त्याचा पंचनामा झाला, की तोही खाली."

काय सांगू, पहिल्यांदाच सगळ्यांना पटलं. गंगुबाईलाही पटलं. चिंतामणीने विचारलं, बसणार कोण, आणि जो तो वर पंख्याकडे बघायला लागला. चावी द्यावी असा भरवशाचा माणूस हवा होता, आणि बसायची तयारी असलेलाही. धोंडूकाका मागून म्हणाले, "मी बसतंय. माझा कामच तां."

काकूंनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. त्या बघण्यात भीती होती की कौतुक होतं, मला तेव्हा कळलं नाही आणि आता विचारवत नाही. पुढच्या तालमीला शिट्टी वाजली आणि केशर बिल्डिंग झरझर रिकामी झाली. काका जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले, लोक त्यांच्या मांडीवर चाव्या टाकून उतरत गेले. समोरच्या शाळेच्या ओसरीवर आम्ही सगळे उभे, चिंतामणीने चहा मागवला. काकूंना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी जुलैत ती दुपार आली. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता आणि भरतीची वेळ होती. हिंदमाताला कमरेइतकं पाणी असल्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरत होते. मी पोळ्या लाटत होते. काकूंची शिट्टी वाजली. बाहेर आले तर त्या जिन्यात उभ्या होत्या आणि काचेच्या पट्टीचे दोन तुकडे झाले होते.

सगळं तालमीसारखं झालं. कुणी धक्काबुक्की केली नाही. गंगुबाईला दोघांनी पाटासकट उचलून खाली आणलं. काका खुर्चीवर बसलेले, मांडीवर चाव्यांचा ढीग. शाळेच्या ओसरीवर काकूंनी एकेक घर नाव घेऊन तपासलं. सगळे होते. मग त्यांनी वर बघितलं. वॉर्डात फोन गेला होता, मदतीची गाडी निघाली होती, पण पाण्यातून येणार कधी?

"अहो, खाली येवा," त्या पावसातून ओरडल्या.

"येतंय गो. साहेब येऊंदेत."

"साहेब जळू दे. तुम्ही येवा."

"लोकांच्ये चाव्ये आसत माझ्याकडे. तूच सांगलंस ना, साहेब येयपर्यंत एकान वर रवाक होया?"

ते चिडून बोलले नाहीत. कामावरच्या माणसाने निरोप द्यावा तसं बोलले. काकू रस्ता ओलांडायला धावल्या, तेव्हा मी आणि चिंतामणीने त्यांना दंडांना धरलं. त्यांनी माझ्या हाताला कडकडून चावा घेतला, तरी मी सोडलं नाही. जिन्याचा भाग आधी खाली बसला आणि त्याच्या मागोमाग गॅलरी.

पेपरात चार ओळी आल्या. जागरूक रहिवाशांमुळे मोठी जीवितहानी टळली, एका वृद्धाचा मृत्यू. ना त्यांचं नाव, ना काकूंचं. काकांच्या लुंगीच्या ओच्यात चाव्या तशाच बांधलेल्या होत्या, एकही हरवली नव्हती. पोलिसांनी त्या ज्याच्या त्याला परत केल्या. आमचीही मिळाली. ती लावायला दार कुठे होतं?

नंतर एका संस्थेने काकूंचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, भाषणं. चिंतामणी स्टेजवर म्हणाला, "एक गेला, पण बाकी सगळे वाचलो, हे ताईंच्या प्लॅनिंगमुळे." तो मनापासून म्हणाला, म्हणूनच मला त्याचा जास्त संताप आला. त्या दिवसापासून काकूंनी चिडणंच सोडलं. मालवणीतला एक शब्द तोंडातून निघेना, आणि मला त्यांच्या शिव्यांची इतकी आठवण येईल असं कधी वाटलं नव्हतं.

आता आम्ही सगळे शीव कोळीवाड्याच्या पलीकडे संक्रमण शिबिरात आहोत. इथेही भिंती ओल धरतात, आणि रिकामी खोली दिसली की कुणीतरी घुसतं, अशी इथेही बोलवा आहे. मागच्या महिन्यात साहेब लोक तालीम घ्यायला आले. भोंगा वाजला, सगळे उतरले. मी खाली पटांगणात बघते तर काकू कुठे दिसेनात. गंगुबाई म्हणाली, "त्या आहेत ना वर. त्यांच्याकडे दिल्या चाव्या सगळ्यांनी."

मला भयंकर राग आला. मी धावत जिना चढले. काकू वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर चाव्या.

"काकू, उठा. काय चाललंय हे? कुणी बसवलं तुम्हाला?"

"कुणी नाय गो. मीच बसले."

"का पण?"

त्यांनी कठड्यातून खाली बोट दाखवलं. पटांगणात सगळे जमले होते, माना वर करून आमच्याकडे बघत होते.

"इथून सगळे दिसतात, अनुजा. तोंडं पण ओळखता येतात. म्हणजे तेव्हा मीही दिसले असेन आमच्या ह्यांना. तुम्ही मला धरलेलं पण दिसलं असेल." त्यांनी एकेक चावी मांडीवर सरळ लावली. "बरं झालं धरलंत. नायतर मी जिन्यात शिरले असते नि मला बाहेर काढायला त्यांना राखण सोडून उठावं लागलं असतं."

मी त्यांचा हात धरून ओढला, त्या उठल्या नाहीत. मग मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. खाली भोंगा बंद झाला. साहेबांनी लाउडस्पीकरवरून सांगितलं की तालीम उत्तम झाली, सगळे रहिवासी सुखरूप खाली उतरलेले आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या.